पट्टा आधी कामशेतच्या डोंगरावर न्या

पॅराग्लायडिंग वैमानिकांसाठी मुंबईतील विद्यार्थ्यांनी थरथरून सूचना देणारा मनगटी पट्टा बनवल्याची बातमी (सोमवारचा अंक) वाचून मनापासून आनंद झाला. एकसारख्या वेगाने वर चढताना ते शरीराला कळत नाही. म्हणून व्हेरिओमीटर हे चढण्या-उतरण्याचा वेग मोजणारे यंत्र बीप वाजवते. तीच सूचना मनगटावर मिळाली, तर कान वारा आणि वायरलेससाठी मोकळे राहतील. मात्र दर १००० मीटरला तापमान सरासरी ६.५ अंशांनी उतरते. गारठलेल्या मनगटाला थरथर जाणवेल का? आणि पट्टा ब्रेकच्या दोरीत किंवा राखीव पॅराशूटच्या मुठीत अडकता मुळीच कामा नये. पावसाळ्यात उड्डाणे थांबण्यापूर्वी महाविद्यालयाने या मुलांना लोणावळ्याजवळच्या कामशेतच्या पॅराग्लायडिंग प्रशिक्षकांकडे पाठवावे. थंडीतील चाचणीसाठी पुढे हिमाचल प्रदेशातील बीर-बिलिंगलाही.

– एक पॅराग्लायडर, मुलुंड