मॉडेल रॉकेटच्या किटमध्ये मोटरच नाही, वर ‘फटाक्याची दारू भरा’ असा सल्ला

प्रति,
मा. व्यवस्थापक,
ग्राहक सेवा विभाग

विषय : मॉडेल रॉकेट किटची दिशाभूल करणारी जाहिरात आणि आपल्या प्रतिनिधीने दिलेला जीवघेणा सल्ला

महोदय,

मी तासगावच्या एका हायस्कूलमध्ये प्रयोगशाळा सहायक आहे. माझा भाचा नववीत शिकतो. त्याला, आणि खरे सांगायचे तर मलाही, रॉकेटचे वेड. म्हणून तुमचा ‘उडणारे मॉडेल रॉकेट – संपूर्ण संच’ २,३५० रुपये आगाऊ भरून मागवला. बिल, फोटो आणि चॅटचे स्क्रीनशॉट सोबत जोडले आहेत.

खोक्यावर ढगात शिरणारे रॉकेट छापले आहे. आत पुठ्ठ्याची नळी, प्लॅस्टिकचे टोक, बाल्सा लाकडाचे पंख, पॅराशूट, लाँच रॉड, झालेच तर बॅटरीवरचा लाँच कंट्रोलरही आहे. जिच्या जोरावर हे सगळे वर जायचे ती मोटर, म्हणजे दारू भरलेली तयार नळी, तेवढी नाही. खोक्याच्या बुडाशी, बारकोडखाली, भिंग लावून वाचावे अशा अक्षरांत ‘मोटर समाविष्ट नाही’ म्हटले आहे. वेबसाइटवर तेवढेही नाही. माहितीपत्रकात ‘सी६-५ मोटर वापरावी’ असे लिहून तुम्ही मोकळे. सांगली-मिरजेच्या दुकानांत विचारले तर दुकानदार माझ्याच तोंडाकडे बघत राहिले. बाहेरून मागवावी तर माल स्फोटक, कुरिअरवाला हात लावत नाही. किट विकणाऱ्याला हे माहीत नसेल यावर माझा विश्वास नाही.

पंखही चुकीचे कापले आहेत. लाकडाच्या रेषा पंखाच्या पुढच्या कडेला समांतर हव्यात. तुमच्या दोन पंखांत त्या नळीला समांतर आहेत. त्यातला एक नुसता घासकागद फिरवतानाच रेषेवर मोडला.

एवढेच असते तर मनातल्या मनात चार शब्द बोलून मी किट परत केले असते. पण मोटर कुठे मिळेल असे चॅटवर विचारल्यावर तुमच्या प्रतिनिधीने उत्तर दिले, ‘मॅडम, सुतळी बॉम्ब फोडून त्यातली दारू नळीत घट्ट ठासून भरा, काम होऊन जाईल.’ हे तुम्ही लेखी देताय ना, असे मी विचारले. त्यावर अंगठ्याचे चित्र आले.

साहेब, तासगावहून कवठेएकंद जवळच आहे. दसऱ्याच्या रात्री सिद्धराज महाराजांच्या पालखीपुढचे शोभेचे दारूकाम बघायला तिथे माणूस मावत नाही. दारू म्हणजे काय चीज आहे हे आमच्या भागात पोरासोरांनाही समजवावे लागत नाही. पिढ्यान्‌पिढ्या हे काम करणाऱ्यांच्या हातालाही ती कधी दगा देते. आणि तुम्ही नववीतल्या मुलाला ती ठासायला सांगता?

तुमच्याच पत्रकातल्या ‘सी६-५’चा अर्थ तुमच्या माणसाला कोणी सांगितलेला दिसत नाही. सी म्हणजे एकूण जोर ५ ते १० न्यूटन-सेकंदांच्या गटातला, ६ म्हणजे सरासरी रेटा ६ न्यूटन, आणि ५ म्हणजे दारू जळून संपल्यावर पॅराशूट बाहेर ढकलणारा छोटा बार उडेपर्यंतचे सेकंद. या मोटरमधली काळी दारू यंत्राने दाबून एकजीव वडी केलेली असते, म्हणून ती एका टोकाकडून क्रमाने जळत जाते. वडीला तडा गेला तरी जळणारा पृष्ठभाग एकदम वाढतो, दाब चढतो आणि मोटर फुटते. कारखान्यातल्या मोटरची ही गत, तर सुतळी बॉम्बची दारू अ‍ॅल्युमिनियमच्या पुडीची, मुळात एका क्षणात भडकण्यासाठीच बनवलेली. ती कोंडली की रेटा मिळत नाही, स्फोट होतो. शिवाय विनापरवाना स्फोटके बनवणे हा गुन्हा आहे. त्यासाठी १८८४चा कायदा आहे, २००८चे नियम आहेत, परवाने देणारे मुख्य कार्यालय आपल्याच नागपुरात आहे.

या छंदाचा जन्मच असले प्रकार थांबवण्यासाठी झाला. अमेरिकेत नेब्रास्कातल्या ऑरव्हिल कार्लाइल या चपला-बूट विकणाऱ्या दुकानदाराने १९५४च्या सुमारास पुठ्ठ्याचे रॉकेट आणि बदलता येणारी तयार मोटर बनवली. घरी दारू कालवून बोटे गमावणाऱ्या मुलांची काळजी वाहणाऱ्या हॅरी स्टाइन यांनी ती उचलून धरली आणि सुरक्षेचे नियम बांधून दिले. त्या नियमांत पहिल्या काही कलमांतच आहे, की मोटर तयारच घ्यायची आणि तिच्याशी छेडछाड करायची नाही. तुम्ही नेमके उलटे शिकवता.

माझे पूर्ण पैसे पाठवणावळीसह परत करा, पण मला त्याहून महत्त्वाचे वाटते ते दुसरेच. हे किट घेतलेल्या प्रत्येक ग्राहकाला ‘फटाक्याची दारू भरू नका’ असे मराठीत आणि त्याला कळेल त्या भाषेत लेखी कळवा, आणि कळवल्याची प्रत मला पाठवा. हा सल्ला मला एकटीलाच मिळाला असेल असे वाटत नाही. मोटर नसल्याचे वेबसाइटवर किमतीच्या शेजारी, किमतीएवढ्याच अक्षरांत लिहा. तोवर विक्री थांबवा.

पंधरा दिवसांत लेखी उत्तर न आल्यास १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवून सांगलीच्या जिल्हा ग्राहक आयोगाकडे जाईन. स्क्रीनशॉटसह एक प्रत पोलीस ठाण्यातही देईन.

किट न्यायला माणूस पाठवाल तेव्हा आधी फोन करावा. शाळा सुटेपर्यंत घरी कोणी नसते, आणि मोडलेला पंख मी पाकिटात वेगळा ठेवला आहे, तो मोजून घ्यावा.

आपली ग्राहक,
(सही)
तासगाव, जि. सांगली