विद्यापीठाच्या नावाबरोबर आठवड्याचे वेळापत्रकही मागा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

ब्रिटनमध्ये वैद्यकीय शिक्षणासाठी अर्ज भरण्याचे दिवस आले की इथल्या मराठी घरांतून आणि मुंबई-पुण्याहूनही तेच ते प्रश्न विचारले जातात: रँकिंग कितवे, युकॅट या प्रवेश परीक्षेला किती गुण लागतात, फी किती. त्या कॉलेजात शिकवतात कसे, हे क्वचितच कोणी विचारते. ते स्वाभाविकही आहे. भारतात २०१९ पासून एमबीबीएसचा अभ्यासक्रम देशभर एक आहे आणि महाराष्ट्रातल्या बहुतेक कॉलेजांची परीक्षाही नाशिकचे आरोग्य विज्ञान विद्यापीठच घेते, त्यामुळे पद्धत निवडायचा प्रश्नच येत नाही. ब्रिटनमध्ये तो येतो. पास होणाऱ्या डॉक्टरला काय काय यायला हवे ते जनरल मेडिकल कौन्सिल ही तिथली नियामक संस्था ठरवते, पण तिथपर्यंत कसे न्यायचे ते प्रत्येक मेडिकल स्कूल आपापले ठरवते. आणि एकदा आत गेल्यावर नाही जमले म्हणून दुसऱ्या स्कूलमध्ये बदली मिळणे जवळजवळ अशक्य.

शिकवण्याच्या पद्धतींची ढोबळमानाने तीन घराणी आहेत. ऑक्सफर्ड-केंब्रिजची जुनी पद्धत: पहिली तीन वर्षे विज्ञान, पुढची तीन रुग्णालय, मध्ये स्पष्ट रेघ. दुसरी इंटिग्रेटेड, म्हणजे हृदय, फुप्फुस, मूत्रपिंड अशा शरीरसंस्था घेऊन त्यातच शरीररचना, औषधे आणि रुग्ण एकत्र. बहुतेक स्कूल आज याच गटात मोडतात. तिसरी प्रॉब्लेम बेस्ड लर्निंग, म्हणजे रुग्णाची केस उलगडत शिकणे; सगळे पीबीएलच म्हणतात. ही कॅनडातल्या मॅकमास्टर विद्यापीठात १९६९ मध्ये सुरू झाली, १९७४ मध्ये नेदरलँड्समधल्या मास्ट्रिख्टने उचलली आणि कौन्सिलने १९९३ मध्ये पाठांतराचे ओझे कमी करा असे बजावल्यावर ब्रिटनमध्ये पसरली. हल यॉर्क आणि लँकेस्टर ही त्यातली ओळखीची नावे. कार्डिफ केस बेस्ड म्हणवते, तिथे मार्गदर्शन थोडे जास्त असते. लिव्हरपूलने नव्वदच्या दशकात पीबीएल आणले आणि पुढे सोडूनही दिले. तेव्हा दहा वर्षांपूर्वी शिकून गेलेल्या मावसभावाच्या अनुभवावर विसंबू नये. स्कूल तेच असले तरी अभ्यासक्रम बदललेला असू शकतो.

पीबीएलबद्दल सर्वाधिक गैरसमज आहेत, म्हणून तिथे जरा थांबतो. आठ-दहा जणांचा ग्रुप, एक ट्यूटर, आठवड्याला एक केस. समजा केस अशी: १९ वर्षांची मुलगी, तीन आठवडे खूप तहान, वजन उतरलेले, कालपासून उलट्या, श्वास खोल आणि जलद. पहिल्या बैठकीत न कळलेले शब्द सोडवायचे, प्रश्न नेमका मांडायचा, आधीच्या माहितीवर तर्क लढवायचे, ते जुळवायचे आणि आपल्याला काय ठाऊक नाही त्याची यादी करायची. मग तीन-चार दिवस स्वतः वाचायचे आणि दुसऱ्या बैठकीत एकमेकांना समजावून सांगायचे. मास्ट्रिख्टची सात पावले म्हणतात ती हीच. वाचायचे मुद्दे साधारण असे निघतात: उलट्या होणारी मुलगी खोल श्वास का घेते? इन्सुलिन नसताना चरबीतून कीटोन कसे तयार होतात? रिपोर्टमध्ये पोटॅशियम वाढलेले दिसत असताना शरीरातला साठा मात्र घटलेला कसा, आणि इन्सुलिन सुरू करताच ते पेशींत शिरून रक्तातली पातळी धोकादायक इतकी खाली का येते? या शेवटच्या प्रश्नाशी जो पहिल्या वर्षी झगडला, तो वॉर्डात इन्सुलिनचा ड्रिप चालू असताना पोटॅशियम तपासायला विसरत नाही. पद्धतीची ताकद इथे आहे.

बिघडते ते असे. कोणीतरी पाचव्या मिनिटाला ‘टाइप वन डायबिटीस’ म्हणून मोकळा होतो आणि ग्रुपला वाटते केस संपली. निदान हा इथे शेवट नसतोच, ‘का’ शोधायचे असते. पण कोचिंग क्लासमधून आलेल्या मुलाला उत्तर सापडल्यावर थांबायची सवय असते. त्याहून वाईट खोड म्हणजे मुद्दे वाटून घेणे: तू किडनी कर, मी इन्सुलिन करतो. मग दुसरी बैठक म्हणजे आठ जणांनी आठ स्लाइड वाचून दाखवणे, आणि प्रत्येकाला केसचा आठवा हिस्साच येतो. ज्या ग्रुपमध्ये सगळेच सगळे मुद्दे वाचून येतात आणि कागदात न पाहता बोलतात, तिथेच हे चालते. ट्यूटर त्या विषयाचा तज्ज्ञ असेलच असे नाही. तो उत्तर सांगत नाही, प्रश्न परतवतो. ‘फी घेतात आणि शिकवत नाहीत’ ही पालकांची तक्रार इथूनच येते. किती खोल वाचायचे हे न कळणे ही पहिल्या सहामाहीतली खरी अडचण. ओपन डेला (कॉलेज पाहायला बोलावतात त्या दिवशी) विचारा: केस संपल्यावर अपेक्षित मुद्द्यांची यादी मुलांच्या हाती देता का? देत असतील तर निम्मी चिंता मिटली. जोडीला लेक्चर आठवड्याला किती, हेही विचारा; निव्वळ पीबीएल आता फारसे उरलेले नाही.

जुन्या पद्धतीबद्दलचा गैरसमज उलटा आहे. ‘आपल्याकडे असते तसेच’ म्हणून पालक तिकडे झुकतात. पण केंब्रिजमध्ये लेक्चरनंतर दोन-चार जणांचे सुपरव्हिजन असते. आधी निबंध लिहून द्यायचा आणि मग त्यातल्या वाक्या-वाक्यावर उलटतपासणी. नोट्स पाठ करणाऱ्याची तिथे पहिल्या महिन्यातच फे फे उडते. ज्याला यंत्रणा मुळापासून समजून घ्यायला आवडते, संशोधनाची ओढ आहे आणि रुग्णासाठी तीन वर्षे थांबायची तयारी आहे, त्याने जरूर जावे. डॉक्टर व्हायचे ते माणसांत राहायचे म्हणून, अशा मुलाने केवळ नावासाठी जाऊ नये, असे आमचे स्पष्ट मत आहे.

इंटिग्रेटेडचा धोका वेगळाच: रेकॉर्ड केलेली लेक्चर. ‘रविवारी दुप्पट वेगाने पाहू’ म्हणता म्हणता पन्नास साचतात. हजेरी कशाला सक्तीची आहे ते पाहून ठेवा.

शरीररचना कशी शिकवतात, हे वेगळे विचारायला हवे, कारण ते पद्धतीच्या नावावरून कळत नाही. काही ठिकाणी मुले स्वतः डिसेक्शन (मृतदेहाचे विच्छेदन) करतात, काही ठिकाणी तज्ज्ञांनी आधीच कापून तयार ठेवलेले प्रोसेक्शन दाखवतात. प्रोसेक्शनमध्ये वेळ वाचतो आणि रचना स्वच्छ दिसते. डिसेक्शनमध्ये ऊतींचे थर हाताला कळतात. सर्जरीचे स्वप्न पाहणाऱ्यांना आम्ही डिसेक्शनकडे कल द्या म्हणू, पण त्यावाचून सर्जन होता येत नाही असे मुळीच नाही.

मग डॉक्टर कुठले चांगले होतात? १९९३ मध्ये दोन मोठे आढावे निघाले. पीबीएलची मुले अधिक समाधानी आणि रुग्ण हाताळण्यात बरोबरीची किंवा किंचित सरस दिसली; मूलभूत विज्ञानाच्या परीक्षेत काही ठिकाणी मागे पडली. एवढाच फरक. शिवाय २०२४-२५ पासून ब्रिटनमध्ये पदवी घेणाऱ्या प्रत्येकाला मेडिकल लायसेन्सिंग असेसमेंट द्यावीच लागते. तिचा लेखी भाग म्हणजे पर्यायांतून सर्वांत योग्य उत्तर निवडायचे २०० प्रश्न; प्रात्यक्षिक भाग प्रत्येक स्कूल कौन्सिलच्या निकषांवर घेते. त्यामुळे कोणत्याही वाटेने गेलात तरी फाटक एकच. तेव्हा मुलाला पाच-सहा वर्षे कुठे तग धरता येईल, हेच पाहायचे. शिवाय एक जुना हिशेब आता बाद झाला आहे. मध्ये एक वर्ष जादा पदवी केली की पहिल्या नोकरीच्या वाटपात गुण मिळत. ते गुण २०२३ पासून आणि वर्गातल्या क्रमांकाचे गुण २०२४ पासून बंद झाले. ती पदवी विषयाच्या आवडीने करावी, गुणांसाठी नाही.

फॉर्म भरताना: युकॅस या ब्रिटनच्या सामाईक प्रवेश-अर्जावर पाच जागा असतात, पण मेडिसिनसाठी चारच वापरता येतात. पर्सनल स्टेटमेंट (अर्जातले स्वतःबद्दलचे निवेदन) सगळीकडे एकच जाते, तेव्हा त्यात ‘मला पीबीएल फार आवडते’ असे लिहून केंब्रिजलाही अर्ज करू नका. चारही जागा एकाच पद्धतीच्या हव्यात असे नाही, मात्र इंटरव्ह्यूला ‘आमचेच स्कूल का?’ हे विचारतातच. तेव्हा तिथल्या पहिल्या वर्षाचा एक खरा आठवडा समोर ठेवून बोलता आले पाहिजे. हे वेळापत्रक वेबसाइटवर नसले तर प्रवेश कार्यालयाला ईमेल करून मागा. सप्टेंबर उलटण्याआधी हे उरकावे, कारण मुदत १५ ऑक्टोबरला, ब्रिटनच्या वेळेप्रमाणे संध्याकाळी ६ वाजता संपते.

महाराष्ट्रातून जाणाऱ्यांनी आणखी एक लक्षात ठेवावे: भारतात परतून प्रॅक्टिस करायचा विचार असेल तर निघण्यापूर्वीच ‘नीट’ (NEET) परीक्षेत पात्र व्हावे लागते. परदेशी पदवीसाठी राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या कालावधी आणि इंटर्नशिपबाबतच्या अटी वेगळ्या आहेत. त्या स्कूल निवडण्याआधी आयोगाच्या संकेतस्थळावरच वाचाव्यात, एजंटच्या माहितीपत्रकात नव्हे.

आपले,
ब्रिटनमध्ये वैद्यकीय अध्यापन करणारे काही मराठी डॉक्टर