घोड्याची नस: मित्रास पत्र

पुणे

प्रिय मित्रा,
सप्रेम नमस्कार.

सारंगखेड्याच्या बाजारातून तू हौसेने आणलेला काठेवाडी घोडा पुढच्या डाव्या पायाने लंगडतो आहे, हे वाचून वाईट वाटले. परंतु दौडीत पाऊल खड्ड्यात पडले म्हणून नस दुखावली, हे तुझ्या मोतद्दाराचे म्हणणे मला पटत नाही. घोडा १३ वर्षांचा आहे. खड्डा निमित्ताला झाला.

तुम्ही जिला नस म्हणता ती खरे पाहता कंडरा, म्हणजे स्नायूला हाडाशी बांधणारी दोरी. घोड्याच्या गुडघ्याखाली स्नायू जवळजवळ नसतातच. भरधाव वेगात एका पायावर शरीराच्या वजनाच्या सुमारे अडीचपट भार येतो, आणि नळीमागची, म्हणजे गुडघ्याखालच्या लांब हाडामागची, कातडीलगतची कंडरा स्वतःच्या लांबीच्या १६ टक्क्यांपर्यंत ताणली जाऊन पुन्हा आखडते. तुटण्याची मर्यादा तिथून फार लांब नसते. या ताणण्या-आखडण्यात थोडी शक्ती उष्णता होऊन आतच कोंडते. दौडीत कंडरेचा गाभा ४५ अंश सेल्सिअसपर्यंत तापल्याचे मोजले गेले आहे.

वयाचा प्रश्न इथे येतो. कोवळ्या कंडरेतले तंतू नागमोडी असतात. ताण आला की आधी नागमोड उलगडते आणि मगच तंतू ओढला जातो. वय आणि दौडी वाढतात तशी ही नागमोड सपाट होत जाते, मात्र कडेला कमी आणि गाभ्यात जास्त. त्यामुळे म्हाताऱ्या घोड्यात गाभ्यातले तंतू आधी सरळ होतात, भार आधी तेच झेलतात आणि आधी तेच तुटतात. बाहेरून पाय धडधाकट दिसत असताना आत ही झीज वर्षानुवर्षे साचत असते, कारण कंडरेतल्या कोलॅजेनची, म्हणजे तिचे तंतू ज्या प्रथिनाचे बनतात त्याची, उलाढाल इतकी संथ आहे की निम्मे कोलॅजेन बदलायला, संशोधकांच्या अंदाजाने, सुमारे २०० वर्षे लागतील. घोडा तितका जगत नाही, हे वेगळे सांगायला नको.

व्यायामाने कंडरा घडते, पण मुख्यतः पहिल्या दोन वर्षांत. म्हणून तुझे आठ महिन्यांचे शिंगरू दिवसभर तबेल्यात बांधून ठेवू नकोस. त्याला माळावर मनसोक्त बागडू दे. पाठीवर स्वार घेऊन दौडवण्याची घाई मात्र नको. जाणत्या घोड्याला रोज दौडवून स्नायू कमावता येतात, हृदय कमावता येते. कंडरा फक्त झिजते. रेसकोर्सवर पाय तपासण्यात माझी इतकी वर्षे गेली, तरी हे मालकांच्या गळी उतरवणे मला क्वचितच जमले.

आता घोड्याचा पाय उचलून गुडघ्यात दुमड, म्हणजे कंडरा सैल पडेल, आणि अंगठा व तर्जनीच्या चिमटीत धरून वरून खाली हळूहळू ये. एखाद्या जागी ऊब लागली, घोड्याने पाय हिसकला किंवा बाजूने पाहता नळीमागे धनुष्यासारखा बाक दिसला, तर दुसऱ्या पायाशी ताडून पाहा. थंड पाण्याची धार आणि पट्टी आजच सुरू कर, आणि सोनोग्राफी करून घे. गाभा फाटला असेल तर मधोमध काळा डाग दिसेल. तसे असेल, तर आधी पूर्ण विश्रांती आणि नंतर हातात धरून चालवणे, असे नऊ ते बारा महिने धरून चाल. लंगडणे थांबले म्हणून महिन्याभरात खोगीर घालू नकोस, कारण भरून येणारा वण मूळ तंतूंपेक्षा ताठर असतो आणि पुढची इजा बहुधा त्याच्या शेजारीच होते.

सोनोग्राफीची छायाचित्रे दोन्ही पायांची पाठव. वहिनींना नमस्कार सांग.

तुझा,
मित्र