पुरवणीतल्या ‘चांगल्या बॅक्टेरिया’बद्दल थोडं

मा. संपादक,
स.न.वि.वि.

तुमच्या शनिवारच्या पुरवणीत पिंपल्सवर प्रोबायोटिक (म्हणजे ‘चांगले’ जिवंत बॅक्टेरिया असलेलं) क्रीम लावा असा लेख आला आणि दुसऱ्या दिवसापासून माझ्या कोपरखैरण्याच्या मेडिकलमध्ये कॉलेजची मुलं-मुली मोबाईलवर त्याचा फोटो दाखवून “दादा हीच द्या” करतायत. धंदा झाला, तक्रार नाही. पण लेखात जे लिहिलंय आणि ट्यूबमध्ये जे भरलंय त्यात बराच फरक आहे, म्हणून हे पत्र.

मूळ कल्पना काही खोटी नाही. क्युटिबॅक्टेरियम ॲक्नेस (जुन्या पुस्तकात प्रोपिओनिबॅक्टेरियम) नावाच्या ज्या जंतूवर आपण पिंपल्सचं खापर फोडतो तो तुमच्या माझ्या सगळ्यांच्याच चेहऱ्यावर असतो, पिंपल्स असोत नसोत. 2013 साली अमेरिकेत लॉस एंजेलिसच्या संशोधकांनी नाकावर चिकटपट्टी लावून 101 लोकांचे नमुने घेतले तेव्हा असं दिसलं की पिंपल्सवाल्यांकडे हा जंतू जास्त होता असं नाही, त्याच्या जाती वेगळ्या होत्या. म्हणजे सरसकट सगळे जंतू मारण्यापेक्षा चांगल्यांना टिकवा ही गोष्ट पटण्यासारखीच आहे.

पण आता ट्यूबचं बघा. पाणी असलेलं क्रीम प्रिझर्व्हेटिव्हशिवाय टिकत नाही, त्यात बुरशी धरते, आणि फिनॉक्सीइथेनॉलसारखं प्रिझर्व्हेटिव्ह घातलं की ते चांगला जंतू वाईट जंतू असा भेद करत बसत नाही. त्यामुळे बाजारातल्या बहुतेक ट्यूबांच्या मागे बारीक अक्षरात ‘लायसेट’ नाहीतर ‘फर्मेंट फिल्ट्रेट’ लिहिलेलं असतं, म्हणजे फोडलेले मेलेले जंतू किंवा ते काढून टाकल्यावर उरलेला गाळीव रस. ते फुकट जातं असं मी म्हणत नाही हां. 2009 साली कोरियात एका जंतूने बनवलेल्या पदार्थाचं लोशन 8 आठवडे लावून पिंपल्स कमी झाल्याचं दिसलं होतं, पण त्यातही काम केलं ते त्या पदार्थाने, जिवंत जंतूंनी नाही. मग पुढे ‘जिवंत बॅक्टेरिया त्वचेवर वस्ती करतात’ असं पुरवणीत कशाच्या जोरावर छापलं?

दह्याच्या फेसपॅकचंही तेच. दह्यातलं लॅक्टिक ॲसिड सौम्य आहे, त्वचा थोडी मऊ वाटेल, पण दह्यातले जंतू दुधात वाढणारे, ते गालावर बिऱ्हाड करत नाहीत. लावायचं तर लावा, उरलेल्याची कढी करा.

मला खरी काळजी वेगळीच आहे. एका मुलीने हा लेख वाचून डॉक्टरांनी दिलेलं बेन्झॉयल पेरॉक्साइड (पिंपल्सचे जंतू मारणारं लावायचं औषध) बंद केलं, का तर ‘ते चांगले बॅक्टेरिया मारतं’. अहो, त्याला जंतू सहसा दाद न देण्याइतके निर्ढावत नाहीत हीच त्याची मोठी जमेची बाजू, फार तर टॉवेल-उशीच्या अभ्र्यावर पांढरे डाग पडतात आणि सुरुवातीला थोडी आग होते. निर्ढावतात ते नुसत्या क्लिंडामायसिन या अँटिबायोटिकला, जे लोक ‘मागच्या वेळी फरक पडला होता’ म्हणत महिनोन्‌महिने स्वतःच्या मनाने लावत बसतात, म्हणून तर डॉक्टर ते एकटं न देता बेन्झॉयल पेरॉक्साइडच्या जोडीने देतात. आणि फरक दिसायला सहा-आठ आठवडे लागतात, आपल्याकडे हार्बर लाइनच्या गर्दीत घामाघूम होऊन आलेल्या पोरांना तो चार दिवसांत हवा असतो. मग कोणीतरी मैत्रीण स्टेरॉइडवालं मिश्र क्रीम सुचवते, चार दिवसांत चेहरा चकचकीत, नंतर लाल, पातळ आणि आधीपेक्षा जास्त पुरळ. ही औषधं चिठ्ठीशिवाय द्यायची नाहीत असा नियम आहे, तरी मिळतात, आमच्याच धंद्यातले लोक देतात.

तर पुढच्या वेळी असा लेख छापाल तेव्हा त्वचारोग डॉक्टरांकडून एकदा वाचून घ्या, आणि ट्यूबच्या मागचं कसं वाचायचं ते एका चौकटीत द्या. ‘पिंपल बरे करते’ न म्हणता नुसतं ‘बॅलन्स’, ‘सपोर्ट’ लिहिलेलं असेल तर ते कॉस्मेटिक आहे, औषध नाही, हे त्यात ठळक अक्षरात असू द्या. ती चौकट कापून मी दुकानाच्या काचेवर लावेन.

आपला,
एक औषधविक्रेता, कोपरखैरणे, नवी मुंबई