ऑक्सिजनचा एकच आकडा सर्वांना नको

मा. संपादक,

कोरोनाकाळात ऑक्सिमीटर घरोघरी आले आणि ‘९४च्या खाली गेलं की धावपळ करा’ हेही डोक्यात पक्कं बसलं. त्या साथीत ते योग्यच होतं. पण तोच आकडा सीओपीडीच्या, म्हणजे श्वासनळ्या कायमच्या अरुंद होऊन धाप लागणाऱ्या आजाराच्या, रुग्णालाही लावला जातो, म्हणून हे पत्र.

माझ्या सासूबाईंचा जन्म चुलीपुढं गेला. विडी-तंबाखू कधी नाही, तरी फुफ्फुसं धुरानं गेली. गावात सगळे ‘दमा’च म्हणायचे, नळीत फुंकायची तपासणी केल्यावर सीओपीडी निघाला. आता घरी ऑक्सिजनचं मशीन आहे. रोजचे आकडे आम्ही मोबाइलमधल्या एका ॲपमध्ये भरतो. ९० भरलं की ते लाल होऊन वाजतं आणि घरातलं कुणीतरी घाबरून ऑक्सिजन वाढवतं. या आजारात ऑक्सिजन देताना डॉक्टर बहुधा ८८ ते ९२ एवढंच लक्ष्य ठेवतात. त्याहून जास्त दिल्यास काही रुग्णांच्या रक्तात कार्बन डायऑक्साइड साठतो, माणूस गुंगीत जातो. काळजीपोटी केलेलं असं जिवावर बेतू शकतं.

मोबाइलचा खरा उपयोग आम्हाला वेगळाच झाला. ‘आजी औषधाचा पंप (इनहेलर) कसा घेतात त्याचा व्हिडिओ पाठवा,’ असं छातीच्या डॉक्टरांनी सांगितलं. पंप दाबणं आणि श्वास ओढणं यांचा मेळच बसत नव्हता, औषध तोंडातच राहत होतं. त्यांनी स्पेसर (पंपाला जोडायची पोकळ नळी) लावायला सांगितला, औषध ओढल्यावर दहा सेकंद श्वास धरायला शिकवलं. रात्रीची धाप बरीच कमी झाली, आणि त्यासाठी आजारी माणसाला कराडला न्यावं लागलं नाही.

असंसर्गजन्य आजारांच्या राष्ट्रीय कार्यक्रमात आता सीओपीडी आहे, ई-संजीवनी या सरकारी ऑनलाइन सेवेवर डॉक्टरांचा सल्लाही मोफत मिळतो. मग आरोग्य विभागानं एवढं करावं: प्रत्येक रुग्णाची स्वतःची ऑक्सिजनची मर्यादा डॉक्टरांनी केसपेपरवर लिहावी आणि ॲपनं तीच धरावी. सासूबाईंना वाचता येत नाही, तेव्हा ॲपनं प्रश्न मराठीत बोलून विचारावेत: परसातून घरात येताना थांबावं लागलं का, बेडका पिवळा-हिरवा पडतोय का, पायावर सूज आहे का. आणि उत्तर बिघाडाचं आलं, तर प्राथमिक आरोग्य केंद्रातून त्याच दिवशी माणसाचा फोन यावा.

– एक शिक्षिका, पाटण (जि. सातारा)