पान टाकायच्या आधी

प्रिय सुमे,

तुझ्या पत्रांना उत्तर नाही म्हणून शिव्या घालायच्या त्या नंतर घाल. तब्येत ठीक, कंबर तेवढी कुरकुरते.

नोकरी सोडल्याचं ताईकडून कळलं असेलच. आता मी ‘लाइफ कोच’. हसून घे.

गाडं अडलंय वेबसाइटच्या ‘माझ्याविषयी’ या पानावर. साइट करणाऱ्या मुलाने परस्पर लिहिलं, ‘प्रमाणित कोच, हजारो आयुष्यं बदलली.’ हजारो! अगं, माझे सगळे क्लायंट एका सोफ्यावर मावतील. ताई तर खोटा अभिप्राय लिहून द्यायला एका पायावर तयार. तिचं आयुष्य उजळवायची माझी काय बिशाद!

बहुतेक देशांत या कामाला परवाना लागत नाही, कुणीही पाटी लावावी. इंटरनॅशनल कोचिंग फेडरेशनचं पहिल्या पायरीचं ‘एसीसी’ प्रमाणपत्र मिळवायचं तर किमान ६० तास प्रशिक्षण, १०० तास प्रत्यक्ष कोचिंग, वर परीक्षा. माझं प्रशिक्षण झालंय, तास भरतायत. तेवढंच लिहिणार. आणि ठळक अक्षरांत: मी मानसोपचार करत नाही, गरज दिसली तर तज्ज्ञांकडे पाठवीन. साइटवाला मुलगा म्हणतो, याने गिऱ्हाईक पळेल. पळू दे.

खरा घोळ पुढेच आहे. त्याला ‘कहाणी’ हवीय. कोसळले, सावरले, आता तुम्हालाही सावरते. माझा घटस्फोट म्हणे एकदम चालेल! सावरले कसली? तुझ्या गच्चीवर बसून तुझं डोकं खात होते, आणि तू आपली दरवेळी, ‘बरं, उद्या सकाळी काय करणार आहेस?’ त्यावरून तुला दगड म्हणाले होते. शब्द मागे घेत नाही. पण आता फी भरून हेच शिकून आले की सल्ला द्यायचा नाही, विचारायचं. म्हणजे कहाणी खरी लिहिली तर कोच तूच निघतेस!

शिवाय त्यात माझ्या आधीच्या नवऱ्यालाही ओढायचं, आणि पोरगी ते वाचणार. नको. इतकी वर्षं ऑफिसात लोकांच्या बदल्या, रुसवे, राजीनामे निस्तरले. नोकरी सोडू की नको यात अडकलेल्यांना त्याचा उपयोग होईल, असं लिहीन म्हणते. वाचायला सपक आहे गं. सपक पान बघून फोन कोण करणार, या विचाराने झोप उडते. बचत काही जन्मभर पुरणार नाही.

फोटोही हाताची घडी घालून काढायला लावला. बँक मॅनेजर दिसतेय.

तुझ्या बढतीचं काय झालं? काकांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन नीट झालं ना?

मसुदा सोबत आहे. जिथे मी मी वाटत नाही तिथे काट मार. रविवारपर्यंत कळव, सोमवारी तो पान टाकतोय.

तुझी,
नंदा