भेसळ म्हणण्याआधी ऐका तरी!

संपादक महोदय,

फ्यूजन, म्हणजे वेगवेगळ्या संगीतांचं मिश्रण, ही भेसळच आणि ज्यांना शास्त्रीय जमत नाही तेच यंत्रांच्या नादी लागतात, असं एका वाचकानं गेल्या रविवारी ठणकावून लिहिलंय. मी मिरजेत ३४ वर्षं गवयांना पेटीची साथ करतोय, त्यामुळे हा आरोप मला ओळखीचा आहे. पेटी मूळची युरोपातली. हिच्यात मींड (एका सुरावरून दुसऱ्यावर न तुटता घसरत जाणं) निघत नाही, श्रुती (सुरांमधले सूक्ष्म सूर) सापडत नाहीत, म्हणून १९४० साली तिला रेडिओवरून हद्दपार केलं होतं. ती बंदी सैल व्हायला १९७१ उजाडलं. आज तिच्यावाचून बैठक अडते.

माझ्याकडे इंजिनिअरिंगचा एक मुलगा शिकायला येतो. त्यानं कीबोर्ड आणला तेव्हा मीही असाच फिस्कारलो होतो. तो काही बोलला नाही. मोबाइलवर त्यानं हर्बी हॅनकॉक या अमेरिकन जॅझ पियानोवादकाचं ‘वॉटरमेलन मॅन’ लावलं, पाठोपाठ दोनदा, दोन वेगळी ध्वनिमुद्रणं. पहिलं १९६२ चं. साधा पियानो, ट्रम्पेट, सॅक्सोफोन, सगळं सरळ. दुसरं त्याच माणसाचं, १९७३ चं. सुरुवातीलाच कुणीतरी बाटलीत फुंकतंय! मध्य आफ्रिकेतल्या पिग्मी लोकांची फुंकून वाजवायची रीत त्याच्या संचातल्या बिल समर्स या तालवादकानं बिअरच्या बाटलीवर उतरवलीय, असं मुलानं सांगितलं. मग एकेक वाद्य त्या फुंकरीच्या लयीत येऊन बसत जातं. मूळ धून ओळखायला मला बराच वेळ लागला. ओळखली तेव्हा ‘वा’ निघून गेलं तोंडातून, पोरासमोर.

आणि याला शास्त्रीय जमत नव्हतं म्हणता? शिकागोतला हा हॅनकॉक १९५२ मध्ये, वयाच्या अकराव्या वर्षी, शिकागो सिम्फनी ऑर्केस्ट्राबरोबर मोत्सार्टच्या कन्चेर्टोचा (पियानो आणि वाद्यवृंदासाठीच्या रचनेचा) पहिला भाग वाजवून गेला. १९६३ मध्ये जॅझमधला नामांकित ट्रम्पेटवादक माइल्स डेव्हिसच्या संचात आला. इलेक्ट्रिक पियानोवर त्याला बसवलं तेही माइल्सनंच. पुढे ‘हेड हंटर्स’ या १९७३ च्याच तबकडीतल्या पहिल्याच रचनेत जो घुमणारा बास (खर्जातली सुरावट) ऐकू येतो, तो कुणी बासवाला वाजवत नाही, हॅनकॉकच सिंथेसायझरवर, म्हणजे विजेवर सूर घडवणाऱ्या कीबोर्डवर, वाजवतो. सगळंच मला रुचतं असं नाही. १९८३ च्या ‘रॉकिट’मध्ये तबकडी मागेपुढे घासून काढलेली खरखर आहे, ती माझ्या कानाला अजून सोसत नाही.

पण जर्मनीतल्या स्टुटगार्टच्या मैफलीचा किस्सा मात्र डोक्यातून जात नाही. तो हॅनकॉक स्वतःच सांगतो. माइल्सचा सोलो ऐन रंगात असताना हॅनकॉकच्या हातून साफ चुकीचा कॉर्ड (एकत्र दाबलेल्या सुरांचा गुच्छ) पडला. माइल्स श्वासभर थांबला आणि त्यानं असे सूर लावले की तो कॉर्डच बरोबर वाटायला लागला. आमच्याकडे भैरवात धैवत कोमल लागतो; तिथं साथीदाराचं बोट चुकून शुद्ध धैवतावर पडलं, की गवयांची मान वळते. ती नजर मी पुष्कळदा झेललीय!

पत्रलेखकांनी ‘वॉटरमेलन मॅन’ची ती दोन ध्वनिमुद्रणं एका बैठकीत ऐकावीत. नंतर खुशाल भेसळ म्हणावं, माझी हरकत नाही. मुलाला मी कीबोर्ड आणायला परवानगी दिलीय. अट एकच, आधी तासभर पेटीवर पलटे, म्हणजे सुरांचा सराव.

– एक पेटीवादक, मिरज